तिसरा रकाना

३ फेब्रुवारी

मुंगळीबाई,

तुला एक आजी आहे. बुटकी, कानात कापूस घालणारी, गॅरेजच्या कपाटाशेजारी स्टुलावर बसलेली. आठवली? नसेल आठवली तर पत्र खाली ठेवू नकोस, वाचता वाचता आठवेल. तुझी स्मरणशक्ती लहानपणापासून अशीच. पाना कुठे ठेवला ते विसरायचीस आणि तो तुझ्याच खिशात असायचा.

तीन वर्षं झाली. फोन तू फक्त आईचा उचलतेस, आणि तुझी आई तुझ्याशी बोलायला न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ठेवते, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. पाण्याची फार नासाडी होते. म्हणून मी पत्र पाठवायचं ठरवलं. फोन नुसता वाजू देता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

अक्षर वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं आहे. माझ्या डोळ्यांना हल्ली पाणी येतं, ओळी एकमेकींवर चढतात, म्हणून त्यांना लिहायला बसवलंय.

तू गाद्यांच्या दुकानात लागलीस म्हणे. मला खूप हसू आलं आणि नंतर नाही आलं. जी पोर जेवणाला हाक मारली तर गाडीखालून पाय हलवून उत्तर द्यायची, ती आता लोकांना मऊ कुठली आणि कडक कुठली ते सांगते. गिऱ्हाईक गादीवर आडवं झालं की तुझा हात सवयीनं खाली ऑइलचा बोल्ट शोधत असेल.

आता कामाचं. दातांच्या डॉक्टरची ती जुनी गाडी. हो, तीच. चढावर बंद पडून दोरानं ओढत आणलेली. भोक पडलेला पिस्टन त्यांनी टेबलावर ठेवला होता आणि म्हणाले होते, "पोरीच्या हातात इंजिन दिलंत, त्याचं हे फळ." आदल्या दिवशी चार नवे प्लग तू बसवले होतेस, आणि प्लग चुकीचे निघाले. ती गाडी अजून आपल्याच अंगणात ताडपत्रीखाली आहे. डॉक्टर म्हणाले, भंगारात घाला, मला तोंड नका दाखवू तिचं. तुझ्या बापानं घातली नाही. तीन वर्षं संध्याकाळी काम संपलं की तो ताडपत्री वर करून आत डोकं घालतो. पिस्टन कुठून कुठून शोधून आणला, रिंगा आणल्या, हेड घासून घेतलं. कोणासाठी करतो विचारलं तर म्हणतो, "जागा अडलीय."

आता इंजिन जुळलंय आणि अडलंय प्लगवर. तिला जुन्या कंपनीचा आठ नंबर लागतो, आणि ती कंपनी बंद पडून जमाना झाला. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर कितवा? प्रत्येकीचे आकडे वेगळे. एका कंपनीचा आकडा वाढला की प्लग थंड, दुसरीचा वाढला की गरम. शिंपीणबाई लिहिता लिहिता थांबल्यात आणि विचारताहेत, प्लगला ताप येतो का? त्यांना सांगितलं ते तुलाही ऐकवते, बघ मला अजून किती येतं. प्रत्येक प्लग आतल्या आगीत तोंड घालून बसलेला असतो. थंड प्लग ती उष्णता पटकन बाहेर सोडून देतो. गरम प्लग धरून ठेवतो. फार थंड घातला तर काजळी धरून गाडी खोकते. फार गरम घातला तर टोक लाल होतं, ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं, आणि चढावर, भरल्या गाडीत, पिस्टनला भोक पडतं.

कुठल्या कंपनीच्या कितव्याला दुसरीचा कितवा ते सांगणारा तक्ता भिंतीवर आहे, तुझा बाप त्याच्यासमोर उभा राहतो, पेन्सिल कानावर ठेवतो आणि परत येतो. त्याला येत नाही असं नाही. या एका गाडीच्या बाबतीत त्याचा स्वतःवरचा भरवसा उडालाय. तर तू सांग. जुन्याच्या आठाला आता कितवा?

उत्तरात खुशाली लिहिलीस तर मी बेशुद्ध पडणार नाही.

आजी


२२ फेब्रुवारी

मुंगळीबाई,

तुझं कार्ड आलं. शिंपीणबाईंनी मोठ्यानं वाचलं. वाचून संपलं तेव्हा मला वाटलं, त्या श्वास घ्यायला थांबल्यात. म्हटलं, पुढे? म्हणाल्या, एवढंच.

"सात. आट्यांची लांबी जुन्या प्लगशी ताडून बघा. गॅप पॉइंट सात. तक्ता स्वतः बघा, दुसऱ्यावर सोडू नका."

वर नाव नाही, खाली नाव नाही. औषधाच्या बाटलीवर याहून जास्त माया लिहिलेली असते. पण उत्तर बरोबर आहे. गॅप म्हणजे ठिणगी उडते ती फट, हे शिंपीणबाईंना समजावलं. तुझ्या बापाला कार्ड दिलं. त्यानं ते उलटं केलं, मागे काही आहे का बघायला. मग पुन्हा सुलटं केलं. मग म्हणाला, "गॅपही सांगितली तिनं." आणि कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. शर्ट धुवायला टाकताना काढलं, नव्या शर्टात घातलं. हे मी बघितलं, त्यानं मला दाखवलं नाही.

शेवटची ओळ मला होती. कळली.

तू म्हणशील, कळली तर बोल. बोलते. त्या दिवशी डॉक्टर ओरडत होते आणि तू म्हणालीस, "मी आजीला विचारलं होतं. आजीनं तक्ता बघून नंबर सांगितला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला कुणी काही विचारलं नाही." तू माझ्याकडे जे बघितलंस ते अजून इथेच आहे, स्टुलाच्या समोर, कपाटाच्या दारावर. तुझ्या बापानं तुझ्या हातातला पाना काढून घेतला. म्हणाला, चूक झाली तर झाली, म्हातारीवर ढकलतेस? तू हात धुतलेस. दोनदा साबण लावलास. आणि गेलीस.

मला त्या दिवशी बरं नव्हतं. सकाळपासून डोकं धरलं होतं.

शिंपीणबाई वर बघताहेत. त्यांचे कान त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार आहेत, म्हणून इथे थांबते. दुसरं काहीतरी सांगते. तू दुसरीत होतीस तेव्हा रोज माझ्यापुढे बसून धडा वाचायचीस. मी चष्मा लावून पुस्तकाकडे बघायची आणि म्हणायची, "चुकलीस, पुन्हा वाच." तू पुन्हा वाचायचीस आणि खरंच कुठेतरी चूक सापडायची, तुझी तुलाच. तू आईला सांगायचीस, आजीच्या नजरेतून काही सुटत नाही.

आणि प्लग. प्लग काढला की तू आधी माझ्याकडे आणायचीस. मी टोक बघून सांगायची. दुधाच्या चहाचा रंग असला तर इंजिन सुखात आहे. काळी काजळी असली तर पोट भरून उतू चाललंय. पांढरं पडून फोड आले असतील तर जळतंय, ताबडतोब थांबवा. त्या डॉक्टरच्या गाडीचे चार प्लग नंतर मी एकटीनं बघितले. पांढरे होते. फोड आलेले. तुझ्या बापाच्या हातात पडायच्या आधी मी ते पदरात घेऊन कचऱ्यात टाकले.

का टाकले ते पुढच्या वेळी.

आजी


९ मार्च

मुंगळे,

या वेळचं अक्षर ओळखलंस ना? उजवीकडे कललेलं, टिंबं विसरणारं. तुझा बाप लिहितोय. शिंपीणबाई वर आहेत, शिलाईत बुडाल्यात. मी त्यांना बोलावलं नाही. त्याला म्हटलं, एक पत्र लिहून दे. म्हणाला, कोणाला? म्हटलं, लिहायला बस, कळेल. बसलाय. तोंड बघण्यासारखं झालंय.

मी त्याला बजावलंय, मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं. गोड करायचं नाही, गाळायचं नाही, मध्ये स्वतःचं घालायचं नाही. त्यानं काय लिहिलं ते मला कळणार नाही. तो भरवसा मला ठेवावा लागेल.

आता कळलं का, मी काय म्हणाले ते?

मला वाचता येत नाही, पोरी. डोळ्यांना काही झालेलं नाही. सुईत दोरा मी अजून पहिल्या झटक्याला ओवते. मला अक्षरओळख नाही, कधीच नव्हती. आकडे येतात. घड्याळावरून आले, मग कॅलेंडरवरून, बसच्या पाटीवरून. पण अक्षर म्हणजे मला नुसत्या मुंग्या. तुझ्या आजोबांना माहीत होतं, तुझ्या बापाला माहीत आहे, तुझ्या आईला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. तुला कळू दिलं नाही. कळू देऊ नका, अशी शपथ मी घातली होती सगळ्यांना. तू दुसरीत माझ्यापुढे पुस्तक घेऊन बसलीस ना, त्याच दिवशी. तू विचारलंस, "आजी, तू कितवीपर्यंत शिकलीस?" आणि मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा जास्त." जगात एका तरी माणसाला मी शिकलेली वाटत होते. ते मला सोडवेना.

तो थांबलाय. म्हणतोय, आई, मोठी झाल्यावर तिला कळलं असेलच असं मी धरून चाललो होतो, तिला अजून माहीत नव्हतं? म्हटलं, नव्हतं. लिही.

त्या दिवशी तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. बॉनेटच्या आतून तू ओरडलीस, "आजी, तक्त्यात बघ गं! जुन्याचा आठ, त्याला आपल्याकडचा कितवा?" मला म्हणता आलं असतं, तू ये, तू बघ. हात पुसायला तुला किती वेळ लागला असता? मी चष्मा लावला. चष्म्याशिवाय मला जास्त चांगलं दिसतं. मी तक्त्यासमोर गेले. तीन रकाने. प्रत्येकाच्या डोक्यावर कंपनीचं नाव. नावं मुंग्या. खाली आकडे. मी आठ शोधला. सापडला. सापडल्याचा मला इतका आनंद झाला की दुसरीकडेही एक आठ असेल असं मनातसुद्धा आलं नाही. त्याच्या शेजारी, आपण ठेवतो त्या कंपनीच्या रकान्यात, पाच होता. आपल्या कंपनीचा रकाना मला मधला म्हणून पाठ होता, एवढंच. मी ओरडले, "पाच!" कपाटातून पाचाचे चार काढून तुझ्या हातात दिले. तू म्हणालीस, "आजी, तू आहेस म्हणून बरंय."

तुझ्या कार्डावरचा सात तक्त्यात शोधला तेव्हा कळलं, मी आठ बघितला तो तिसऱ्या रकान्यातला. जुन्या कंपनीचा रकाना पहिला. तिथल्या आठापुढे सात होता. पाच म्हणजे दोन पायऱ्या गरम. जळक्या प्लगांवरचा पाच तुझ्या बापानं बघितला असता तर तक्त्यावरून तो माझ्यापर्यंत पोचला असता, म्हणून ते कचऱ्यात टाकले.

तो पेन खाली ठेवून बाहेर गेला. पाण्याचा तांब्या भरून आणला, प्यायला नाही. आता पुन्हा बसलाय. मी म्हटलं, कुठपर्यंत आलं ते वाचून दाखव. वाचलं.

आता तुझ्या बापाबद्दल, आणि हेही त्यालाच लिहायचंय. त्यानं तुझं का ऐकलं नाही? तू म्हणालीस, आजीनं तक्ता बघितला. त्याच्या दृष्टीनं ते होणंच शक्य नव्हतं. ज्या आईला वाचता येत नाही हे त्याला जन्मापासून माहीत, तिला तक्ता बघायला कोण सांगेल? त्याला वाटलं, तू धडधडीत खोटं बोलतेस, आणि तेही कोणाच्या नावावर? आणि तुला वाटलं, ज्या आजीनं वाचून सांगितलं तीच तोंडावर नाकारते. तुम्ही दोघं एकदा नीट बोलला असतात तर अर्ध्या मिनिटात सगळं उलगडलं असतं. मध्ये मी उभी होते. मला दोन्ही बाजू माहीत होत्या.

डॉक्टर होते, त्यांची बायको होती, शेजारचा पंक्चरवाला ऐकत होता. "मला वाचता येत नाही, चूक माझी," एवढे सहा शब्द. नाही निघाले. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तू नव्हतीस. मग वाटलं, परत येईल तेव्हा सांगू. मग वाटलं, आता इतके दिवस झाले, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागेल. असं करत तीन वर्षं.

मी तुला गाद्यांच्या दुकानात पाठवलं. तुझा हात इंजिनावरून मी उठवला. तुझ्या हातात जे होतं ते तुझ्या आजोबांच्या हातात नव्हतं आणि ज्याच्याकडून हे लिहून घेतेय त्याच्याही नाही. हे लिही रे. लिहिलंस? बरं.

तो विचारतोय, आई, मला आधी का नाही सांगितलंस, आणि तोंडावर सांगायचं सोडून असं लिहायला बसवून का? कारण तोंडावर सांगितलं असतं तर तू ओरडला असतास, आणि मी रडले असते, आणि तू मला माफ करून टाकलं असतंस, आणि तिला काही कळलंच नसतं. हातात पेन असलं की माणसाला ओरडता येत नाही.

मी त्याला सांगितलंय, खाली स्वतःचं काही लिहायचं असेल तर लिही, मला वाचून दाखवू नकोस.

आजी

मी तिचं ऐकलं, तुझं ऐकलं नाही. पाना मी काढून घेतला होता. तो अजून तसाच आहे, कुणाला वापरू दिला नाही. — बाबा


४ एप्रिल

मुंगळीबाई,

पुन्हा शिंपीणबाई. आता त्यांच्यापासून लपवायला काही उरलं नाही. मी स्वतःच सांगितलं. म्हणाल्या, "मला तिचं कार्ड आलं त्या दिवसापासूनच माहीत होतं, तुम्ही ते उलटं धरून वाचत होतात." बघ, इतकी वर्षं मी कुणाला फसवत होते ते देव जाणे.

तुझ्याकडून काही आलं नाही. मी मोजत नाहीये. पोस्टमनच येता-जाता मान हलवतो.

इथली खबर सांगते. डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी मला बघितल्याबरोबर खुर्चीत आडवं केलं आणि तोंड उघडायला लावलं. तोंडात आरसा असताना कबुली देता येत नाही, हे तुला सांगून ठेवते, कधी गरज पडली तर. आरसा काढला तेव्हा सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "आजी, मी तीन वर्षं हे सांगत फिरतोय. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला. त्यांना उलट बोलता येत नाही ना." किती जणांना सांगितलं, विचारलं. त्यांना आठवेना. म्हणाले, आता उलटं सांगत जाईन. सांगतीलही. पण ज्यांनी पहिलं ऐकलं ते सगळे परत दात दुखायला येणार नाहीत. आमच्या गल्लीतच कितीतरी जण आहेत जे मरेपर्यंत "ती प्लगवाली पोर" म्हणतील. ते मला आता पुसता येत नाही. मी फक्त तुला सांगू शकते की ते मला माहीत आहे.

तुझा बाप आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवण वाढलं की जेवायचा, पाणी हवं असलं तर स्वतः उठायचा. नवव्या दिवशी गॅरेजमध्ये गेले तर तक्त्यावर रंग. पहिल्या रकान्याच्या डोक्यावर लाल पट्टी, मधल्यावर हिरवी, तिसऱ्यावर निळी. कपाटातल्या खणांनाही तशाच पट्ट्या. स्टुलावर बसून मी बघत राहिले. एक ब्रश आणि तीन डब्या. दुपारभराचं काम. मी कुणाला खरं सांगितलं असतं तर हे तू दुसरीत असतानाच झालं असतं, आणि तूच केलं असतंस, रंगाचे हात माझ्या लुगड्याला पुसून.

डॉक्टरची गाडी तशीच आहे. सात नंबरचे चार प्लग आले. आटे ताडून बघितले, गॅप तू सांगितलीस तेवढी केली. मी म्हटलं, बसव आता. तो म्हणाला, "माझं काम इथपर्यंतच." प्लगच्या भोकांत त्यानं फडक्याचे बोळे घातलेत, धूळ जाऊ नये म्हणून, आणि ताडपत्री पुन्हा ओढली. प्लग त्यानं चार कागदांत गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात घातले. डबा या पत्राबरोबर येतोय.

तू ये असं मी म्हणणार नाही. ते म्हणायचा माझा हक्क त्या दिवशी चष्म्याबरोबर नाकावर राहिला. तुला गाद्यांत बरं वाटत असेल तर गाद्याच. प्लग ठेव, फेक, कुणाच्या गाडीत बसव, तुझे आहेत. पण बसवलेस तर आधी तक्ता बघ, आणि हे मी आता चिडवायला म्हणत नाहीये.

डबा मात्र माझा आहे, तो परत हवा. रिकामा पाठवायचा नाही. गोळ्या, चॉकलेट नको, माझ्या दातांचं काय राहिलंय ते डॉक्टरांनी परवा बघितलंच. खजूर पाठव, मऊ. दुकानात बिया काढलेले मिळतात, ते नकोत. बियांचे घे, आणि तू स्वतः बसून एकेक बी काढ.

आजी